एकशे बारा मापं आणि कोरी वही

दि. ६ जानेवारी

चि. बटणास,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

आता मला बटण म्हणायचं नाही, मी बत्तीस वर्षांची असून वाचनालयात एका अख्ख्या टेबलाची मुख्य आहे, असं मागच्या पत्रात तू मला दरडावलं आहेस. वाचलं. पण चौथ्या वर्षी माझ्या डब्यातलं बटण गिळण्याआधी हा विचार करायला हवा होतास.

आता कामाचं. मला गोष्ट लिहायची आहे. हसून झालं की पुढे वाच. व्हायोलिनचे मास्तर तुला आठवत नसतील. ते दर वर्षी एकच तपकिरी कोट घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानात यायचे आणि मी तो थोडा आत घ्यायची, कारण मास्तर दर वर्षी बारीक होत होते. जादा कापड मी कधी कापलं नाही, दुमडून शिवत गेले. सातव्या वर्षी त्यांनी कोट पहिल्यासारखा सैल करून मागितला. पुढच्या वर्षी तोच कोट घालून त्यांचा मुलगा आला, कॉलर उसवली होती म्हणून. मास्तर राहिले नाहीत, हे मला कोटावरूनच कळलं. कॉलर शिवून दिली.

हे माझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. मी साठी ओलांडली आहे. मी गेले की ही गोष्टही जाणार, आणि ते मला सोसवत नाही. इंटरनेटवर लिहायला शिकवतात म्हणे. तिथे काय काय असतं ते सविस्तर कळव. ई-मेल करू नकोस, ई-मेल मला पावतीसारखी वाटते. तुझ्या काकांना यातलं काही बोललेले नाही.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.
तुझी मावशी

दि. १७ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

हसले नाही. कोटाचं वाचून थोडा वेळ टेबलावरून उठले, एवढंच. एक गृहस्थ रांगेत ताटकळले.

माझ्याकडे आठवड्याला दोघं तरी हेच विचारायला येतात, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. एका विद्यापीठाचा मोफत अभ्यासक्रम आहे, आठ आठवड्यांचा. त्यातला गोष्ट कोण सांगतंय हा धडा तरी बघच. एका ठिकाणी रोज पंधरा मिनिटांत संपणारा छोटा सराव देतात. एका ठिकाणी पात्रांची ओळख करून घ्यायला प्रश्नावली मिळते. आणि सगळ्यात उपयोगाचा म्हणजे लेखकांचा एक गट. तिथे आधी तीन जणांचं वाचून अभिप्राय द्यायचा, मग आपलं टाकायचं. मात्र एका वेळी एकच धर, सगळीकडे हात घालू नकोस.

शिवाय हाच गट जूनमध्ये दोन दिवसांची परिषद भरवतो. व्याख्यानं असतात आणि नवख्या लेखकाला प्रकाशनाच्या संपादकासमोर दहा मिनिटं मिळतात. सोबत पहिली दहा पानं न्यायची. मी तुझं नाव देऊन टाकलं आहे, रागावू नकोस. पाच महिन्यांत दहा पानं म्हणजे तुझ्या हातचा मळ आहे.

काकांना सांग बाई. घरात कॉम्प्युटर एकच आहे, लपवणार कुठे?

लोभ वाढता राहो.
तुझी (नाइलाजानं) बटण

दि. २४ फेब्रुवारी

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

तुला काय सांगू! आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम मी दोन आठवड्यांत संपवला. प्रमाणपत्र आलं. मग संवादलेखनाचा केला, त्याचंही आलं. एकूण पाच झाली. दुकानात ट्रायल रूमच्या दारावर लावली आहेत. गिऱ्हाइकं पँट बदलायला जातात ती वाचत उभी राहतात.

पात्रांची प्रश्नावली तर फारच छान. एकशे बारा प्रश्न आहेत. मास्तरांना कशाची भीती वाटते, झोपताना कुठल्या कुशीवर झोपतात, लहानपणी काय हरवलं होतं. मास्तरांची भरून झाली, त्यांच्या मुलाची झाली, आता त्यांच्या शेजाऱ्यांची भरते आहे. दहा पानं अजून सुरू केली नाहीत. तू काळजी करू नकोस. मापं पुरी झाल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे मला माझ्या गुरूंनी कान पिळून शिकवलं आहे.

गटात मात्र माझं नाव झालं. मी लोकांच्या कथा आत घेऊन देते. एका बँकेतल्या बाईंची तेवीस पानांची कथा मी नऊ पानांवर आणली. तिनं लिहिलं की पहिल्यांदाच तिच्या नवऱ्यानं ती शेवटपर्यंत वाचली. आता रोज चार-पाच जणांचं काम येतं. सगळे मला शिंपीणबाई म्हणतात.

लोभाला इस्त्री करून ठेवली आहे, तूही ठेव.
तुझी मावशी

दि. १९ मार्च

चि. बटणास,
काकांचे आशीर्वाद.

पत्र थोडक्यात लिहितो. डेपोत तीस वर्षं बसगाड्यांच्या वेळा टिपल्या, फुलोरा जमत नाही.

तुझी मावशी सकाळी सहा पन्नासला कॉम्प्युटरवर बसते. दुकान नऊऐवजी नऊ चाळीसला उघडतं. शनिवारी दहा पाच. काल तिनं मला विचारलं की माझं बालपणीचं कुठलं स्वप्न भंगलं. मी म्हणालो, आठवत नाही. तिनं तेही लिहून घेतलं. मी कुणाच्या प्रश्नावलीत आहे ते सांगत नाही, ताकास तूर लागू देत नाही.

मला राग नाही. ती खुशीत आहे. फक्त एक नोंद तुझ्या कानावर घालतो. मास्तरांच्या गोष्टीसाठी तिनं निळी वही आणली होती. ती अजून कोरी आहे. मी रोज बघतो.

काळजी घे.
तुझे काका

दि. २८ एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मावशी, तू काय करून बसली आहेस? गटाच्या पानावर परिषदेच्या तयारीसाठी एक प्रकरण ठेवलं होतं. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की हे परिषदेच्या प्रमुख पाहुण्यांच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण आहे, सदस्यांनी अभ्यास म्हणून वाचून यावं. तू ते एकोणीस पानांवरून सात पानांवर आणलंस आणि चारशे सदस्यांना पाठवलंस! वर शेरा की पहिली चार पानं नुसतं हवामान आहे, कंबरेत फार सैल, नायिकेचं दुःख तीनदा सांगितलंय, एकदा पुरे.

त्या बाईंची चौदा पुस्तकं आहेत गं. मी वाचनालयात ती कपाटात लावते. आता त्यांच्याकडे बघायची सोय राहिली नाही.

आणि तुझी दहा पानं कुठे आहेत? इतरांची वीस-वीस पानं कापायला तुला वेळ आहे. दीड महिना उरलाय. नवीन काही शिकू नकोस, हात जोडते.

लोभ आहे, सध्या थोडा घाबरलेला आहे.
तुझी बटण

दि. १६ जून

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

परिषद झाली. सगळं क्रमानं सांगते, नाहीतर धीर व्हायचा नाही.

त्या प्रकरणाचं म्हणशील तर दुकानात टेबलावर चिठ्ठीशिवाय पडलेला कपडा मी आत घेऊन ठेवते, तसंच झालं. वरची ठळक अक्षरं मी वाचलीच नाहीत. प्रमुख पाहुण्यांनी भर सभागृहात विचारलं की शिंपीणबाई कोण. मी उभी राहिले. त्या म्हणाल्या की पुस्तक छापून झालंय म्हणून, नाहीतर सात पानंच ठेवली असती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी विचारलं, तुमचं स्वतःचं काय लिहून झालंय? चारशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, मापं घेणं चालू आहे. पुन्हा टाळ्या पडल्या. त्यांना वाटलं मी विनोद केला.

दुपारी संपादकाची दहा मिनिटं. पिशवीत अकरा प्रमाणपत्रं आणि पाच पात्रांच्या भरलेल्या प्रश्नावल्या होत्या. पान एकही नव्हतं. संपादक तरुण, गोड मुलगा. तो पानांसाठी हात पुढे करून बसला आणि माझं लक्ष त्याच्या पँटकडे गेलं. उजव्या पायाची दुमड उसवून बुटाखाली येत होती. मी सुईदोरा काढला. त्याला पाय खुर्चीवर ठेवायला लावला आणि शिवत बसले. टाका संपला तेव्हाच घंटा झाली. तो बिचारा आभार मानत राहिला. बटण, मास्तरांसाठी मिळालेली दहा मिनिटं मी एका पँटवर घालवली. बाहेर जिन्यात बसून रडले.

संध्याकाळी आयोजकांनी गाठलं. पुढच्या वर्षी मी मंचावर बसून कथा कशी आत घ्यावी ते शिकवावं, दोन तासांचं सत्र, पत्रिकेवर नाव. मी कळवते म्हणाले. तुला काय वाटतं?

लोभ असावा, आज जरा जास्तच.
तुझी मावशी

दि. २३ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझी आहे. आलेल्या माणसाला मी यादी देते, तो खूश होऊन जातो, आणि मला काम झाल्यासारखं वाटतं. पुढे कुणी लिहिलं की नाही हे मी आजवर एकालाही विचारलेलं नाही. तुलाही मी कात्री सोडून सगळं दिलं.

त्या सत्राला जा, तुझा मान आहे तो. तुझं नाव पत्रिकेवर बघून मी आमच्या फलकावर लावीन आणि त्याखाली दिवसभर उभी राहीन. पण तुला खरंच जायचंय का, हे तूच ठरव.

लोभ आहे आणि राहणार.
तुझी बटण

दि. ५ जुलै

चि. बटणास,
अनेक आशीर्वाद.

आयोजकांना नकार कळवला. गटातूनही बाहेर पडले. बँकेतल्या बाई रुसल्या आहेत.

दहा दिवस विचार केला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, ती तुला सांगायला लाज वाटते पण सांगते. दुकान उघडल्यापासून एकतीस वर्षांत मी एकही नवा कपडा शिवलेला नाही. लोक विचारायचे, मी वेळ नाही म्हणायची. आल्टरचं, म्हणजे तयार कपडा मापाचा करून देण्याचं काम सुखाचं असतं. चूक निघाली तर ती आधीच्या शिंप्याची. नवा कपडा वाकडा झाला तर तो मीच वाकडा केलेला असतो. मला त्याची भीती वाटते, बटण. मास्तरांना काय वाटत असेल याचे एकशे बारा प्रश्न मी भरले, पण स्वतःला हा एक विचारला नाही.

काल निळ्या वहीत पहिलं पान लिहिलं. फार वाईट झालंय. मास्तर दारातून आत यायलाच अर्धं पान घेतात. तरी मी ते खोडलं नाही, तसंच पुढे दुसरं लिहिलं. ही गोष्ट पुरी होईपर्यंत मला कुठलीही नवी माहिती पाठवू नकोस, कितीही चांगली असली तरी.

लोभाची शिवण पक्की आहे, ओढून बघ.
तुझी मावशी

दि. ९ ऑगस्ट

चि. बटणास,
काकांचे आशीर्वाद.

तुझी मावशी आज दुकान उघडायला विसरली. साडेअकरापर्यंत पाच गिऱ्हाइकं येऊन गेली. मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि प्रत्येकाला उद्या या म्हणून सांगितलं. एकानं विचारलं की बाई आजारी आहेत का. मी म्हणालो, नाही, लिहीत आहेत. त्याला ते पटलं नाही.

दुपारी ती जेवायला उठली तेव्हा मी निळी वही उघडली. असं करू नये, मला कळतं. बावीस पानं भरली आहेत. मास्तर आहेत, मुलगा आहे, कोट आहे. मला गोष्टीतलं फार कळत नाही, पण मुलगा कॉलर शिवून घ्यायला येतो तिथे मी चष्मा पुसला.

चौदाव्या पानावर शिंपिणीचा नवरा आहे. मिनिटं मोजणारा, रुक्ष, आपलं कुठलंही स्वप्न न आठवणारा. आधी मला राग आला. गोष्टीतून बाहेर पडण्याची इंटरनेटवर काही सोय असते का, हे तुला विचारायला मी हा कागद घेतला होता. मग पुढचं वाचलं. तुला माहीत नसेल, चार वर्षांपासून तिला सुईचं नेढं दिसत नाही. ती कबूल करत नाही. मी रोज सकाळी ती खाली येण्याआधी दुकानात जातो, सहा सुयांत दोरा ओवून टोचून ठेवतो आणि तिच्या येण्याआधी वर परततो. चार वर्षांत ती त्यावर एक शब्द बोललेली नाही. मला वाटायचं, तिला वाटतं सुया आदल्या दिवशीच्याच आहेत.

ते सगळं चौदाव्या पानावर आहे. सुया सहाच आहेत.

तुझे काका