दादावर टाकलेलं जाकीट

दि. १४ नोव्हेंबर

ती. वहिनींना,

नमस्कार. मी बरा आहे. तुमचं आणि मुलींचं जेवणखाण वेळेवर होत असेल अशी आशा करतो. पाकिटावर सवयीने तुमच्या नावाआधी सौ. लिहिलं गेलं, म्हणून पाकीट बदललं. त्यात एक दिवस गेला.

मोठी फोनवर म्हणाली की मोरीतला नळ पुन्हा गळतोय. दादा दर वेळी तो नुसता आवळायचा. त्याने भागत नाही, वायसर बदलावा लागतो. मी आणून ठेवला आहे. बसवून द्यावा म्हणून निघतो आणि तुमच्या जिन्यापासून परत फिरतो.

विमानतळावर आमच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या मुलीची सोमवारी चौकशी आहे. तुमच्या तक्रारीवरून तिला काढणार, असं गोदामात सगळे धरून चालले आहेत. तुम्ही तक्रार केलीत यात तुमची चूक नाही. पण त्या दिवशी आत काय झालं ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे.

माझं काम तुम्ही दादाच्या थट्टेतूनच ऐकलं असेल. "आमचे पतंगराव पगार घेऊन पतंग उडवतात," असं तो येईल त्याला सांगायचा. विमानातून उतरलेला माल गोदामात लावून झाला की मी ड्रोन सोडतो. तो ठरलेल्या वाटेने आपोआप फिरतो, मी नजर ठेवतो. प्रत्येक खोक्याचं लेबल तो वाचतो, वाचलं की बारीकसा टिक आवाज होतो, आणि ते खोकं कुठे आहे ते काउंटरच्या कॉम्प्युटरवर दिसतं. तिथे दिसलं नाही तर गेटमधून काही सुटत नाही.

परदेशी नोकरीला जाण्याआधी दादा एकदा हे बघायला आला होता. ड्रोन डोक्यावर आला तसा हात वर करून उभा राहिला. म्हणाला, "काय रे, मी किती नंबरचा?" मी म्हटलं, "हा माणसं मोजत नाही." पुष्कळ हसला. जाताना पाठीत धपाटाही घातला.

दादाची पेटी आली त्या दिवशी मी गाडीची सोय बघायला गेलोय असं तुम्ही समजत होतात, आणि मी तसं समजू दिलं. गाडी मी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. मी ड्यूटीवर होतो. साहेबांनी सुट्टी दिली असती, पण मग मलाही गेटबाहेर थांबावं लागलं असतं आणि दादा आत एकटा राहिला असता. म्हणून पेटीत माझा भाऊ आहे हे मी कोणाला बोललोच नाही.

अशी पेटी आली की ती दाराजवळ वेगळी ठेवतात, तिच्यावर काही रचत नाहीत. एवढं इथे सगळे पाळतात. पण लेबल तिलाही असतं. ड्रोन रांगा संपवून कोपऱ्याकडे वळला. यंत्रांचे सुटे भाग झाले, औषधांची खोकी झाली, टिक, टिक, आणि पुढे दादा. माझ्याने बघवेना. अंगातलं जाकीट काढलं आणि लेबलावर टाकलं. ड्रोन वरून निघून गेला. आवाज झाला नाही. मला बरं वाटलं, वहिनी. खोटं कशाला लिहू.

फेरी संपली की जाकीट काढून लेबल हातातल्या यंत्राने वाचून घ्यायचं, असं मनात होतं. मी बॅटऱ्या चार्ज करतात त्या खोलीत जाऊन बसलो आणि मला उठता आलं नाही. बाहेर तुम्ही उन्हात उभ्या आहात हे माहीत होतं. तरी उठलो नाही.

तेवढ्या वेळात तुम्ही तीनदा काउंटरवर गेलात. त्या मुलीला पडद्यावर जे दिसत होतं तेच तिने सांगितलं, की तुमचा माल आलेला नाही. शब्दही पडद्यावरचाच होता. तुम्ही तिला म्हणालात, "माल नाही हो, माझा माणूस आहे तो." हे मला नंतर तिनेच सांगितलं. ती रडत होती.

शेवटी उठून मी जाकीट काढलं, लेबल वाचून घेतलं, आणि पेटी सुटल्यावर मागच्या दाराने बाहेर आलो. गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, "भावोजी, तुम्ही आत असतात तर असं झालं नसतं."

मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून मला तुमचा जिना चढवत नाही.

आज सकाळी साहेबांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले की तुझं आम्ही बघू, पण तक्रार त्या मुलीच्या नावावर आहे आणि ती वहिनींच्या सहीची आहे. तेव्हा तुमच्याखेरीज कोणाला ती बदलता येणार नाही. ती मागे घ्या असं मी म्हणत नाही. तुम्हाला उभं ठेवलं हे खरंच आहे. फक्त त्या मुलीच्या जागी माझं नाव घाला. ते पत्र सोमवारच्या आत साहेबांकडे पोचायला हवं.

वायसर या पाकिटात घातला आहे. नळवाला पाच मिनिटांत बसवेल. मी येऊन बसवावा असं वाटलं, तर मोठीकडून निरोप द्या.

दादा आत एकटा नव्हता. एवढं मात्र खरं आहे.

तुम्ही अजून म्हणणार असाल तर,
तुमचा
भावोजी