विराम माझाच

३ सप्टेंबर १९८४, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. थिएटरात दरवानाच्या खोलीशेजारच्या फळ्यावर नव्या नाटकाची पात्रयोजना लागली. न्यायाधीश : होदोशी वेंडेल. आधी चष्म्याशिवाय वाचलं, मग चष्मा लावून, मग दरवानाकडून वाचून घेतलं. तिन्ही वेळा मीच.

अकरा वर्षांनी मुख्य भूमिका. मधली अकरा वर्षं मी मुद्दाम लहान भूमिका घेतल्या. त्यांना खोली असते. या नाटकात शेवटच्या अंकात चार पानांचं स्वगत आहे. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, कलावंतसाहेब, तुमच्या निवृत्तीचे कागद तूर्त कपाटात ठेवते, तीस नोव्हेंबरचा पहिला प्रयोग होऊ दे, मग बघू. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

संकल्प : १) पहाटे सहाला उठणे. २) रोज चार पानं पाठ. ३) पालिंका (आमची फळांची दारू) बंद. नामदिन सोडून.

४ सप्टेंबर, मंगळवार.

सहाला उठलो. पुन्हा झोपलो. नंतर टेबल आवरलं, सगळ्या पेन्सिलींना टोकं काढली. पाठांतर उद्यापासून. मंगळवारी सुरू केलेलं काम तडीस जात नाही असं आई म्हणायची.

१२ सप्टेंबर, बुधवार.

डबिंग. परदेशी कार्टूनमधला बिज्जू, बिळात राहणारं जनावर. पूर्वी मी फ्रेंच डिटेक्टिव्हचा आवाज होतो, आता बिज्जूचा. लोक याला उतरण म्हणतील. पण डिटेक्टिव्हला फक्त खुनी शोधायचा असतो, बिज्जूला अख्खा हिवाळा काढायचा असतो. सगळं पहिल्याच टेकला ओके. एक शब्द चुकला नाही. परतताना टॅक्सीवाल्याने न बघताच ओळखलं. विचारतो, तुम्हीच ना तो बिज्जू? मुलीसाठी सही घेतली. बिज्जू अशीच करा म्हणाला.

पाठांतर : दीड पान. एकूण, आजवर.

१९ सप्टेंबर, बुधवार.

पहिलं वाचन. हातात संहिता घेऊन सगळे गोल बसलो. मी स्वगत असं वाचलं की कपडेपटातल्या बाईंनी डोळे पुसले. कोर्नेल खिडकीबाहेर बघत होता. हा कोर्नेल माझ्याबरोबर नाट्यशाळेत होता, तेव्हापासून जळतो. या नाटकात तो वकील आहे. वकील म्हणजे न्यायाधीशाच्या खालीच.

दिग्दर्शक फारागो (वय चौतीस, मफलर बारा महिने) म्हणाला, वेंडेल बाची, असंच ठेवा. बाची म्हणजे काका. मला काका म्हणायची गरज नव्हती, पण कौतुक होतं म्हणून सोडून दिलं.

८ ऑक्टोबर, सोमवार.

आजपासून संहिता खाली ठेवून तालीम. पहिल्या अंकात एके ठिकाणी मी थांबलो. भरलेला, अर्थपूर्ण विराम. समीक्षकांनी माझ्या विरामांवर पूर्वी लिहिलेलं आहे. पण विराम नीट पिकायच्या आत शारीने वाक्य दिलं.

शारी, म्हणजे शारोल्ता, आमची प्रॉम्प्टर, नट अडला की पुढचं वाक्य कुजबुजून देणारी. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, जमिनीत एक बीळ आहे. वर अर्धगोल झाकण. त्यात ती एकतीस वर्षं बसतेय. तिचं डोकं आमच्या बुटांच्या उंचीला. माझ्या बायकोला माझे बूट ठाऊक नाहीत इतके तिला ठाऊक आहेत.

मला म्हणाली, अडकलास म्हणून दिलं. मी म्हटलं, अडकलो नव्हतो, थांबलो होतो. बरं, म्हणाली, आणि पेन्सिलीने काहीतरी लिहून घेतलं.

११ ऑक्टोबर, गुरुवार.

शारीने आज चौदा वेळा वाक्य दिलं. बाई म्हातारी झाली. घाई करते.

१६ ऑक्टोबर, मंगळवार.

अपमान. कँटीनमध्ये मसुराचं सार खात होतो. कोर्नेल सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, या नाटकात न्यायाधीश दोन आहेत, एक वर उभा असतो आणि एक बिळातून निकाल देतो. सगळे हसले. प्रकाशयोजनेचा माणूससुद्धा, जो मुळात माझ्या बाजूचा आहे.

घरी येऊन फारागोला पत्र लिहिलं. प्रॉम्प्टरची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जाते. त्यामुळे माझ्या विरामांचा खून होतो. कलेच्या हितासाठी या नाटकापुरतं बीळ बंद करावं. व्यक्तिगत राग काही नाही. सुंदर पत्र झालं. इल्काला वाचून दाखवलं. (इल्का माझी बायको, औषधांच्या दुकानात असते.) तिने विचारलं, वेंडेल, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? प्रतिभावंताच्या बायकोने असं विचारायचं नसतं.

२० ऑक्टोबर, शनिवार.

माझा नामदिन, म्हणजे वेंडेल नावाच्या संताचा दिवस. शारी घरी आली, न बोलावता, पद्धतीप्रमाणे. चिजाच्या पोगाच्यांचा, खाऱ्या छोट्या पावांचा, डबा. दर वर्षी आणते. पत्राबद्दल तिला कळलेलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, वेंडेल, मी हळूच देते रे, पण तुला पहिल्यांदा ऐकू जात नाही म्हणून पुन्हा द्यावं लागतं, आणि दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

मी म्हटलं, आज कामाचं नको. पालिंका ओतली. तिने ओठ लावून ग्लास ठेवला. पोगाच्या उत्तम होत्या. मी नऊ खाल्ल्या.

२३ ऑक्टोबर, मंगळवार.

विजय! बिळावर फळी ठोकली. आधुनिक नाटकात तसंही बीळ शोभत नाही म्हणून फारागोला माझं म्हणणं पटलं. शारीला बालनाट्यांना लावलं. तिथे ससे बोलतात, चुकले तरी कोणाला कळत नाही.

जाताना तिने उशी घेतली, बिळात बसायला लागायची ती. मी निरोपाला गेलो नाही. पाठांतर होतं.

२९ ऑक्टोबर, सोमवार.

शारी नसल्यामुळे विराम आता पूर्ण लांबीचे होतात. आज एक विराम इतका झाला की वकिलाने खुर्चीवर बसून बूट सोडून पुन्हा बांधला. कोर्नेलला रंगमंचावर शिस्तच नाही.

तरीही, केवळ सोयीसाठी, एक व्यवस्था केली. न्यायाधीशापुढे खटल्याचे कागद असतातच. त्यांवर माझी वाक्यं मोठ्या अक्षरात लिहिली. न्यायाधीश वाचतो, हे नैसर्गिकच आहे.

५ नोव्हेंबर, सोमवार.

फारागोने टेबल काढलं. म्हणतो, न्याय उघडा हवा. उंटावरचा शहाणा! टेबल गेलं, कागद गेले.

नवी व्यवस्था : बाहीच्या आत.

६ नोव्हेंबर.

घाम आला. शाई पसरली. "निर्दोष" आणि "दोषी" यांपैकी नेमकं काय ते वाचता येईना. अंदाजाने बोललो. चुकला. आरोपीचं काम करणारी पोरगी भांबावली आणि सुटकेच्या आनंदाऐवजी रडली. तिला सांगितलं, रंगमंचावर सावध राहायला शिक.

१४ नोव्हेंबर, बुधवार.

ट्राममधून उतरलो आणि कुठे जायचं ते आठवेना. बराच वेळ थांब्यावर उभा. समोर बटाटे विकणारी बाई होती, म्हणाली, कुणाची वाट बघताय का? हो म्हटलं. मग स्टुडिओ आठवला. बिज्जू. तिथे कागद हातात आला आणि सगळं सुरळीत झालं. एक चूक नाही. मग स्मरणशक्ती गेली असं कसं म्हणता येईल?

भीती वाटली. हे वाक्य उद्या खोडायचं.

१७ नोव्हेंबर, शनिवार.

इल्काने डॉक्टरकडे ओढत नेलं. पोरसवदा डॉक्टर. तीन शब्द सांगितले आणि म्हणाला, पाच मिनिटांनी पुन्हा म्हणा. मी म्हटलं, सफरचंद, टेबल, असं नुसतं कोण कशाला म्हणेल? बोलणारं पात्र कोण, त्याचा हेतू काय? तिसरा शब्द वाईट लिहिलेला होता, म्हणून मी दुसरा घातला. घोडा. त्याने चिठ्ठी लिहून इल्काच्या हातात दिली, माझ्या नाही.

 घरी येऊन तिने बटाट्याची पाप्रिकाश, म्हणजे लाल रस्सा, केली आणि संहिता घेऊन समोर बसली. बोल म्हणाली, मी बघते. मी बोललो. ती म्हणाली, हे नाही. पुन्हा बोललो. हे पण नाही, वेंडेल. तिसऱ्यांदा तिने संहिता मिटली आणि सिंककडे तोंड करून उभी राहिली. तिला वाचनात भाव आणता येत नाही, त्यामुळे मला पकड मिळत नाही. असं मी तिला सांगितलं. तिचे खांदे हलत होते.

ते भीतीचं वाक्य अजून खोडलेलं नाही. उद्या.

२६ नोव्हेंबर, सोमवार.

रंगीत तालीम. घडलं ते जसंच्या तसं लिहितो, पुढे चुकीचं पसरू नये म्हणून.

तिसऱ्या अंकात वकील विचारतो, महाराज, निकाल काय? पहिल्या अंकातही तो विचारतो, महाराज, निर्णय काय? नाटककाराचा गाढवपणा. मी पहिल्या अंकातलं उत्तर दिलं. कोर्नेलला नाइलाजाने पहिल्या अंकातलं पुढचं बोलावं लागलं, मग पोरीलाही, मग शिपाई पुन्हा आत आला. वीस मिनिटांनी आम्ही परत तिसऱ्या अंकात पोचलो. वकिलाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. आरोपीला तीन वेळा पकडून आणलं. चौथ्या फेरीला शिपाई यायचाच थांबला.

कोणी हसलं नाही. कोर्नेलसुद्धा. तो जवळ आला, माझी कॉलर सारखी केली आणि म्हणाला, बस जरा, वेंडी. नाट्यशाळेनंतर त्याने मला वेंडी म्हटलं नव्हतं. त्यापेक्षा हसला असता तर परवडलं असतं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार.

फारागोच्या खोलीत. मफलर काढलेला. म्हणाला, फळी काढतो, पण प्रॉम्प्टर शारीच हवी, तुमचा मजकूर दुसऱ्या कोणाला पेलणार नाही. तिला मी दोनदा फोन केला. ती म्हणते, वेंडेलने स्वतः येऊन सांगावं. उद्यापर्यंत ती आली तर शुक्रवारी तुम्ही. नाही आली तर कोर्नेल. त्याने गुपचूप पाठ केलंय, तुमच्या काळजीने. आणि मग ऑफिसातल्या बाई ते कागद कपाटातून काढतील.

त्याने शारीची संहिता माझ्या हातात ठेवली. घरी येऊन उघडली. प्रत्येक पानावर तिची पेन्सिल. "इथे वे. डावीकडे बघेल, म्हणजे गेलं." "इथे पहिलाच शब्द द्यायचा, बाकीचं येतं." आणि स्वगतापाशी, "इथे थांबतो. लगेच देऊ नये. दोन श्वास. लोकांना आवडतं."

पेन्सिल तिची. विराम माझाच. स्वगतापाशी तिने लिहिलेलं ते मी चार वेळा वाचलं.

संकल्प : उद्या सकाळी शारीकडे. माफीचं भाषण लिहिलं, अर्धं पान. पाठ केलं. इल्काने ऐकलं. तीनदा बरोबर आलं!

२८ नोव्हेंबर, बुधवार. दुपार.

गेलो. तिसरा मजला, अंगणाभोवतीच्या सज्ज्यातलं शेवटचं दार. शारी स्वयंपाकघरात स्ट्रूडेलच्या सारणासाठी कोबी किसत होती. ये म्हणाली. बसायला सांगितलं नाही. मी टोपी हातात घेऊन उभा राहिलो, प्रकाश खिडकीतून येईल असा.

सुरुवात आली नाही. खिशात हात घातला. कागद दुसऱ्या कोटात.

मग अचानक सगळं आलं. धबधब्यासारखं. मी तुझा अपराधी आहे, तुझ्या उंबऱ्याशी आलो आहे, तू दार लावलंस तर थंडी माझी, तू उघडलंस तर घर आपलं. आवाज लागला, डोळे भरले, एक शब्द अडला नाही. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

शारी किसणी धरून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, एकसष्ट सालचं नाटक, दुसरा अंक, तुझा पाद्री. छान बोललास. तेव्हाही या जागी तुला द्यावं लागत नव्हतं.

मग हात पुसले आणि म्हणाली, आता तुझं बोल.

मी थांबलो. तिच्याकडे बघितलं, नेहमी बघतो तसं, खाली, बुटांच्या दिशेने. पण ती खाली नव्हती, समोर उभी होती. काय बोलायचं ते तिला माहीत होतं. दोनच शब्द होते. एकतीस वर्षांत तिने मला असं कधी उभं ठेवलं नव्हतं. दोन श्वास झाले, दहा झाले. तिचे ओठसुद्धा हलले नाहीत.

तिने पुन्हा कोबी घेतला. मी टोपी घातली आणि जिना उतरलो.

इल्काला सांगितलं, शारी घरी नव्हती. इथेही तेच लिहिणार होतो.