सातव्या तळ्याबद्दल तक्रार

ती. वन्सं यांना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालताय ना, की अजून मी येऊन घालीन म्हणून बाटली बाजूला ठेवताय? इकडे सगळे खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खुशाल कुणीही नाही. तुमचे बंधू तळं खणताहेत. (घाबरू नका, कॉम्प्युटरवर. पण घरात घाण मात्र खऱ्या तळ्याइतकीच होते.)

आपल्या बारकीने आठ महिन्यांपूर्वी इंजिनीअरची चांगली नोकरी सोडली आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीत गेली, ते तुम्हाला ठाऊक आहेच. (मुलीला लाडावून ठेवलंय, असं तेव्हा तुम्हीच मला फोनवर सुनावलंत. विसरले नाही मी.) त्या दिवशी हे तिला म्हणाले, खोट्या पाण्यावर कुणाचं पोट भरलंय? आणि ती म्हणाली, तुमच्या खऱ्या पाण्याने तरी तुम्हाला कधी वेळेवर घरी येऊ दिलं? झालं. तेव्हापासून बापलेकीत एक शब्द नाही. ती रविवारी मला फोन करते, तेव्हा हे शेजारच्या खोलीत उगाचच पेपर चाळत बसतात, पण पान काही उलटत नाही. दोघंही एक नंबरचे हट्टी. हा हट्टीपणा कुठल्या घराण्यातून आला ते मी काय सांगावं!

पुढे महिनाभरात यांनी तिच्याच कंपनीचा गोल्फचा खेळ विकत आणला. कशासाठी? तर त्यातलं पाणी किती चुकीचं आहे ते सिद्ध करायला! जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. त्या खेळात म्हणे मैदान आपलं आपण रचायचं. टेकडी वर उचला, झाडं लावा, खड्डा खणा, पाणी भरा. चेंडू पाण्यात गेला की खेळणारा फसला. बाकीचं जग पाच मिनिटांत तळं करून खेळायला लागतं. आमच्याकडे सातव्या झेंड्याजवळच्या एका तळ्याला सहा आठवडे झाले. पाणी येणार कुठून, जादा झालं तर जाणार कुठून, उन्हाळ्यात काठ किती उघडा पडणार, सगळे नकाशे आधी कागदावर. जेवणाच्या टेबलावर नकाशे, म्हणून आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्याने जेवतो. बत्तीस वर्षं पाणीपुरवठ्यात घालवलेल्या माणसाला निळा रंग ओतला की तळं झालं, हे पटणार कसं?

बरं, त्या खेळात पाण्याची पातळी सगळ्या मैदानाला मिळून एकच. यांनी सातवं तळं हातभर भरलं, तर तिकडे तिसऱ्या झेंड्याचे वाळूचे खड्डे बुडाले आणि क्लबच्या इमारतीत गुडघाभर पाणी. हे ताट ओट्यावर टाकून धावले आणि ऑफिसातल्या जुन्या सहायकाला फोन लावून पूर आल्याचं कळवलं. तो बिचारा निवृत्त माणूस, पण इतक्या वर्षांची सवय, गमबूट चढवून दारात हजर! मग दोघं मिळून संध्याकाळपर्यंत माऊसने बांध घालत बसले. चहा मी तीनदा केला. कुणी विचारलंसुद्धा नाही की तू कुठल्या काठावर आहेस.

त्यानंतर बादली प्रकरण. खेळात चेंडू पाण्यात पडला की लगेच गडप होतो, हे यांना सोसेना. खरा चेंडू कसा बुडतो ते पाहायला बैठकीच्या खोलीत बादली आणली, तीत माती कालवली (माझ्या कुंडीतली), आणि स्टुलावर चढून वरून चेंडू सोडू लागले. अठ्ठाविसाव्या चेंडूला बादली कलंडली. आमच्या खाली दातांचे डॉक्टर असतात, आणि त्या वेळी खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून पडलेले. वरून थेंब पडला, त्यांनी मुकाट्याने चूळ भरून थुंकला. त्यांना वाटलं, उपचारच चाललाय! डॉक्टर तणतणत वर आले. मी माफी मागतेय, मेल्याहून मेल्यासारखं झालंय, आणि तुमचे बंधू वही उघडून त्यांना विचारताहेत की पाणी झिरपायला नेमकी किती मिनिटं लागली. डॉक्टर आता जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत. माझी दाढ ठणकतेय, ती घेऊन आता कुठे जाऊ?

आणि प्रत्येक चुकीबद्दल कंपनीला तक्रारपत्र. विषय, संदर्भ, आमचे मागील पत्र, सगळं सरकारी थाटात. आजवर एकोणीस झाली. उत्तर दुसऱ्या दिवशी हमखास येतं, खाली सही नुसती 'पाणी विभाग'. कधी वाद घालतात, कधी चूक कबूल करतात. बाराव्या उत्तरात पातळीचं यांचं म्हणणं मान्य करून शेवटी लिहिलं होतं, बादली उचलताना गुडघ्याला जपावे. यांनी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसला, म्हणाले, माणसं सभ्य आहेत. आणि जे मलम मी वर्षभर लावा लावा म्हणून घसा कोरडा केला, ते उठून मुकाट्याने लावलं. वन्सं, माझा अगदी जीव विटलाय. या तळ्याने माझ्या घराची धर्मशाळा केली. त्यांना जरा समजवा, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत.

मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापे.

तुमची,
भावजय

ता. क. पत्र चार दिवसांपूर्वीच पाकिटात घालणार होते, ते राहून गेलं. आता लपवत नाही. तो पाणी विभाग म्हणजे आपली बारकीच. तिनेच मला सांगितलं आणि बाबांना कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली.

ता. क. २. आणि यांना ते कधीच कळलंय. काल टेबल आवरताना तेराव्या तक्रारीचा कच्चा कागद सापडला. वर लिहिलंय, 'चि. बारकीस'. ते खोडून खाली, 'मा. विभागप्रमुख'. मी कागद होता तसा ठेवून दिला.

ता. क. ३. आता खरं काम. परवा कंपनीने खेळ सुधारला. प्रत्येक तळ्याची पातळी वेगळी, काठाला चिखल, चेंडूही हळूहळू बुडतो. सातवं तळं अगदी हुबेहूब झालं. यांना तक्रार करायला काही उरलं नाही, म्हणून दोन दिवस नुसते त्या पाण्याकडे बघत बसलेत. तिकडून ती विचारते, आई, बाबांचं पत्र का नाही आलं? तेव्हा समजवायचं वगैरे वर लिहिलंय ते सोडा. सोबत तळ्याचा फोटो पाठवतेय. तीस वर्षं माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीत तुम्ही खोड काढलीत, एकदाही चुकला नाहीत. एवढ्या तळ्यात एक काढा, आणि पत्र मिळेल त्याच दिवशी फोन करून यांना सांगा.