घाबरू नका, शूटिंग आहे

४ ऑगस्ट, तुंगार्ली, लोणावळा

झाले एकदाची पिक्चरवाली. वडगावहून निघताना अम्मीनं बजावलं, असल्या खुनाखुनीच्या सिनेमात काम करतेस, निदान दुवा पढून झोपत जा. मी म्हटलं, अम्मी, खलनायक पगारी असतात.

बंगला तळ्याच्या अंगाला आहे, धुक्यात निम्मा गायब. गोष्ट काळीकुट्ट: दोन माणसं एका मुलीला महामार्गावरून उचलतात आणि अशाच एका बंगल्यात डांबतात. मुलीचं काम तेजल करतेय. आम्ही दोघी एकाच खोलीत. तिचा हा पहिलाच सिनेमा, म्हणून आरशासमोर रडायची तालीम करते आणि मग स्वतःच खुदकन हसते. मला ती बघताक्षणी आवडली.

मी सहायकांतली शेवटची, म्हणजे सांगकामी. पहिलं काम, शेजारी चिक्कीचे पुडे वाटायचे आणि सांगायचं, किंकाळ्या ऐकू आल्या तर घाबरू नका, शूटिंग आहे. पलीकडच्या बंगल्याचे राखणदार धोंडिबा आबा, मूळचे आंदर मावळातले. त्यांनी विचारलं, "आन खरंच कोन वरडलं तर गं?" मी म्हटलं, तसं झालं तर मी स्वतः सांगायला येईन, आबा. त्यांनी मान डोलावली आणि चिक्की खिशात टाकली.

५ ऑगस्ट

सकाळीच घोळ. ठरलेले दोघे खलनायक कालच यायचे होते. आज त्यांच्यातल्या थोरल्याचा मेसेज: तब्येत बरी नाही. दोघंही येत नाही. माफ करा. संदेश सर, आमचे दिग्दर्शक, डोकं धरून बसले. तोच दारात दोन नवी माणसं उभी. "आमाला पाठवलंय," म्हणाली. व्यवस्था बघणाऱ्या प्रज्ञेशनं जुळवाजुळव केली असणार. तो असल्या कामात तयार गडी आहे.

थोरल्याला सगळे काका म्हणू लागलेत. धाकटा बोलतच नाही. काका मात्र प्रत्येकाची आपुलकीनं चौकशी करतात. घरी कोण असतं, आई कशी आहे, इथं आल्याचं कुणाला ठाऊक आहे.

६ ऑगस्ट

आज तेजलला खुर्चीला बांधायचा प्रसंग होता. काकांनी इतक्या मायेनं बांधलं, की माझ्या अंगावर काटा आला. "टोचत न्हाई ना, बाळ?" हे वाक्य संवादांत नव्हतं. कट झालं तरी ते तिच्यासमोर बसूनच राहिले, बघत. गाठ कुणालाच सुटेना, शेवटी स्वयंपाकाच्या नंदाबाईंची सुरी आणून दोर कापला. काका म्हणाले, ही गुरांची गाठ हाय, वढंल तशी आवळती.

सर खूश. असला अभिनय शिकवून येत नाही, म्हणाले. तेजल आज एकदाही हसली नाही.

८ ऑगस्ट

जेवताना प्रज्ञेश सरांना म्हणाला, ऐनवेळी काय माणसं शोधलीत. सर म्हणाले, मी कुठं, तूच आणलीस ना? दोघंही हसायला लागले. मी ताट तसंच ठेवून उठले.

नंतर सरांना गाठून म्हटलं, निदान विचारा तरी, कुणी पाठवलं. ते म्हणाले, एवढं चित्रीकरण त्या दोन चेहऱ्यांवर झालंय, आता विचारून काय करू?

९ ऑगस्ट

युनिटचा फोन मी उचलला. सानिया नावाच्या बाई होत्या, आधी ठरलेल्या थोरल्या नटाची बायको. नवरा चार तारखेला जोडीदाराला घेऊन लोणावळ्याला निघाला, तेव्हापासून घरी फोन नाही. इतकं काम असतं का, विचारत होत्या. मी सांगितलं, ते आलेच नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, आलेच नाहीत?

सर म्हणतात, असेल नवराबायकोचं काहीतरी.

मला भीती वाटतेय. काका अंगणात दोर गुंडाळत बसलेत.

१० ऑगस्ट

तेजल नाही. सरांना मेसेज: तब्येत बरी नाही. घरी जाते. माफ करा.

तेच शब्द. तिच्या चपला पलंगाखाली आहेत.

सरांना चपला दाखवल्या. चेहरा उतरला त्यांचा. पण सगळे लोहगडवाडीला निघाले होते, गडाची दृश्यं घ्यायला. आल्यावर पोलिसांत जाऊ म्हणाले. मी थांबले, ती परत आली तर म्हणून.

माझा फोन चार्जिंगला लावला होता. नाही तिथं.

दुपार

किंकाळी. खालच्या पंपाच्या खोलीतून. तेजलच. तालमीतली नव्हे, ती मी ओळखते—

आबांकडे धावले. म्हटलं, खरं आहे, आबा, या वेळी खरं आहे. ते हसले. "लय झ्याक करतीस, बाय." मी हात धरला, रडले. ते माझ्यामागं बघू लागले, कॅमेरा कुटं लपवलाय म्हणून—

परत आले. तिला एकटीला कसं सोडू.

जिवंत आहे. गाठ सुटत नाही, ओढली की आवळते. सुरी आणायला वर आले आणि— बाहेरून कडी.

वही खिडकीतून टाकणार आहे. कुणीतरी वाचा. पंपाची खोली. तेजल. पंपाची—

ओरडले. रस्त्यावर माणसं थांबलीत, वर बघतायत. आबाही आलेत. त्यांना हातानं सांगतायत, चला, चला. "घाबरू नगा, शूटिंग हाय."

कडी काढली कुणीतरी. काका म्हणतायत, टोचणार न्हाई, बाळ, बस—

आबा, मी आले होते ना सांगायला. मी स्वतः आले हो