वायरी पुन्हा जोडल्या आहेत

बाबा,

बोट मी नेली आहे. चावी शोधत बसू नका. काका गेल्यावर तुम्ही रागाने उपटलेल्या जीपीएसच्या वायरी मी बोटीतल्या वायरलेसला पुन्हा जोडल्या. आता त्याचं लाल बटण दाबलं की बोट कुठे आहे ते सगळ्यांना आपोआप कळेल. काकांच्या बोटीत ही जोडणी नव्हती; बुडताना ते वायरलेसवर ओरडत राहिले, पण आपण कुठे आहोत ते त्यांना सांगता आलं नाही. सख्खा भाऊ गेला, तुम्हाला आता समुद्र बघवत नाही, हे कळतं मला. पण म्हणून मीही घरात बसायचं, हे मान्य नाही. आईवर डाफरू नका, वायरी तिनेच धरल्या होत्या. मला ओरडायचं असेल तर खिडकीतला वायरलेस लावा. मी ऐकतेय.

तुमची धाकटी