दंडारीतली बाई आणि आबाजींच्या मिशा

कामठा, शुक्रवार

तीर्थरूप आबाजींना खुशबूचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे. तुमची नात जिल्ह्यात पहिली आली. आधी हे वाचून घ्या, मग बाकीचं. (फोन केला नाही, कारण तो आजीजवळ असतो. पत्र भूपेंद्रभाऊच्या हाती पाठवते आहे.)

कॉलेजच्या इतिहास प्रकल्पाला मी आमच्या गावची दिवाळीनंतरची मंडईची जत्रा घेतली. पण वही काढली की म्हातारे गप्प. (फागूजींना वाटलं, राशनमधून नाव कापायला आली.) मोबाईल समोर धरला की भाषण सुरू, व्यासपीठावरच्या मान्यवरांपासून. मग सरांनी शिकवलं होतं तसं, शब्द न लिहिता ऐकलेलं चित्रात टिपायला बसले. मंडप काढला. रात्रभराच्या दंडारीच्या खेळात नाचणारी बाई काढली. (बाईचं काम तेव्हा पुरुषच करायचे, हे तुम्हाला मी काय सांगावं.)

चित्र दिसलं आणि सगळ्यांना तोंड फुटलं. "हे का नाक होय वं?" फागूजी म्हणाले. "लांब कर. त्या नाकासाठी लोकं पागल होऊन राहिले होते." उदारामजींनी भुवईवर वण काढायला लावला, नाचता नाचता ती गॅसबत्तीवर पडली होती म्हणून. दंडार तुमच्या नवेगाव बांधकडची, एवढंच ठाऊक. नाव कुणालाच आठवेना. मी खोडत गेले, काढत गेले. लुगडं जांभळं, काठ पिवळा, यावर तर भांडण झालं. शेवटी चेहरा पुरा झाला. ओळखीचा वाटला, पण लक्षात येईना. गंमत म्हणून त्याला मिशा काढल्या. फागूजी ओरडलेच, "अबे, हा तं आपला व्याही!"

आबाजी, आईच्या लग्नात हे सगळे तुमच्या पंगतीला होते. मिशांमुळे कुणी ओळखलं नाही. आणि तुमच्या भुवईवरचा तो वण म्हशीच्या शिंगाचा, असं आम्ही आजवर समजत होतो.

परीक्षक माझ्या चित्राच्या तक्त्यासमोरून हलेनात. पानंच्या पानं लिहून आणणारे सगळे मागे पडले.

तुमची,
खुशबू

ता. क. आता नागपूरला राज्याची फेरी आहे. सर म्हणतात, चित्र पुरावा होत नाही, जिवंत साक्षीदार पाहिजे. नाहीतर नाव मागे घेतील. मंगळवारी कामठ्याला या. येताना मिशा भादरून या.

ता. क. आणखी एक. आत्ताच आईने कौतुकाने तक्त्याचा फोटो आजीला पाठवला. आजीने चेहऱ्याकडे पाहिलंच नाही म्हणे. स्वतःचं लुगडं तेवढं ओळखलं. तेही म्हशीनेच फाडलं होतं ना? सोमवारीच या.