रिपोर्ट चांगला आला म्हणून

केशरबाई विहीणबाई,

रिपोर्ट चांगला आला म्हणून माझ्या ज्ञानेश्वरीची थायरॉईडची गोळी बंद करायला तुमाला कुणी सांगितलं? गोळी चालू होती म्हणूनच रिपोर्ट चांगला आला. आता पोरीचं तोंड सुजलंय, ऊस तोडता तोडता ती पेंगायलीय, अन् तुमी तिला आळशी म्हणायलाव. “जन्मभर गोळी कोण खातंय?” म्हणे. तुमी जन्मभर तंबाखू खायलाव, तवा कुणी इचारलं का?

परभणीच्या डॉक्टरांनी तिला तपासणीला बोलावलंय. ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोडीतलं माणूस कमी पडंल म्हणून सोडत नसाल, तर तिच्या जागी ऊस मी तोडते. उसाच्या फडाला पत्ता नसतो, म्हणून हे टपालात टाकत न्हाई. शनिवारी हे पत्र अन् कोयता घेऊन मीच येते. पोरीला दवाखान्यात धाडता का न्हाई, ते तवाच तोंडावर सांगा.

गयाबाई, देवगाव फाटा